कप्प्यात राहिलेली जुनी खबर

मुखरू लाइनमन त्या दिवशी खांबावरून सुखरूप खाली उतरला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अहेरीकडे आजही ही गोष्ट निघाली की ऐकणारा मधेच हात धरून विचारतो, "पर थो वाचला ना?" वाचला. साधं खरचटलंसुद्धा नाही. पण तो जमिनीवर पाय टेकेपर्यंत नाहीद शेखच्या काळजाचं जे पाणी पाणी झालं, ते तिलाच ठाऊक.

नाहीद चंद्रपूरची. तिच्या वडिलांचं, मुश्ताकभाईंचं, पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. तांब्याच्या तारा आणि वॉर्निशचा वास अंगावर घेऊनच ती मोठी झाली, चंद्रपुरातच इंजिनिअर झाली आणि गुणवंतराव नावाच्या गृहस्थांच्या, विजेची पॅनेल बनवणाऱ्या लहानशा कंपनीत लागली. दोन हजार सात साली तिला तिथे जेमतेम चारेक वर्षं झाली असतील. त्या मार्चमध्ये ती अहेरीच्या पुढे, जंगलातल्या एका नव्या नळयोजनेवर काम करत होती.

योजना अशी होती. प्राणहितेच्या काठी जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी घेणारी मोठी विहीर, आणि तिच्यावर पंप. तिथून आत कोसमटोला गावाजवळ पाणी शुद्ध करायचं केंद्र. त्याला सगळे नुसतं 'फिल्टर' म्हणत. फिल्टरवर उंच टाकी, पॅनेलची खोली आणि बाजूच्या शेडमध्ये जनरेटर. वीज सबस्टेशनमधून आधी फिल्टरला यायची आणि तिथून खांबाखांबांनी साग-मोहाच्या जंगलातून जॅकवेलपर्यंत जायची. सबस्टेशनची वीज गेली आणि टाकीतलं पाणी उतरलं, की जनरेटर आपोआप सुरू व्हायचा आणि या शेवटच्या तारांमध्ये वीज सोडायचा, म्हणजे गावांचं पाणी बंद पडू नये.

हे 'आपोआप' करणारं डोकं म्हणजे पॅनेलमधला पीएलसी. त्याला डोळे नसतात, कान नसतात. त्याच्या मेमरीत नंबर घातलेले कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत जे लिहिलेलं असेल तेवढंच त्याचं जग. सबस्टेशनमधली यंत्रं मात्र आपसात वेगळ्याच बोलीत बोलत. त्या बोलीला प्रोटोकॉल म्हणतात, आणि पीएलसीला ती अजिबात कळत नव्हती. म्हणून सबस्टेशनमध्ये एक गेटवे बसवला होता, वहीएवढी डबी. सबस्टेशनची बोली ऐकायची, त्यातली एकेक खबर निवडायची आणि रेडिओवरून फिल्टरच्या पीएलसीच्या ठरलेल्या कप्प्यात नेऊन टाकायची, हे तिचं काम. कोणती खबर कोणत्या कप्प्यात जाणार, ते नाहीदने ठरवलं होतं.

त्यातला एक कप्पा तिच्या विशेष जिव्हाळ्याचा होता. पूर्वी जॅकवेलच्या लाइनवर काम निघालं की लाइनमन सबस्टेशनमधून परमिट घ्यायचा, म्हणजे तिकडून लाइन बंद करवून घ्यायचा. मग सायकल हाणत फिल्टरवर जायचा, जनरेटरच्या स्विचला कुलूप लावायचा आणि चाबी खिशात टाकून खांबावर चढायचा. आता सबस्टेशनच्या ऑपरेटरने 'काम सुरू'चा खटका फिरवला की ती खबर थेट त्या कप्प्यात जायची, तिथल्या शून्याचा एक व्हायचा, आणि तो एक आहे तोवर जनरेटर जागचा हलायचा नाही. नाहीदने स्वतः मुखरूला समोर बसवून सांगितलं होतं, "मुखरूभाऊ, आता कुलपासाठी फिल्टरवर जायची गरज नाई. मशीनले समजते."

मुखरूने मान डोलावली होती. पन्नाशीकडे आलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याचा फेरा वाचणार होता, त्याला बरंच वाटलं.

आता आणखी एकच गोष्ट. चाचणीच्या दिवसांत जंगलातला रेडिओ मधूनच डोळा लागल्यासारखा क्षणभर बंद पडायचा, आणि खबर येत नाही म्हणून तेवढ्यातच पीएलसी पंप थांबवायचा. गावांतून ओरड झाली. तेव्हा नाहीदने सेटिंग बदललं होतं, की खबर येणं थांबलं तर कप्प्यात शेवटचं जे असेल तेच राहू दे. पंप थांबायचा बंद झाला, सगळे खूश झाले, आणि ती गोष्ट तिथेच मागे पडली.

ज्या दिवसाची ही गोष्ट, तो तिचा तिथला शेवटचा दिवस होता. बॅग भरून ती सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये बसली होती. कंपनीची ट्रॅक्स गाडी घेऊन बिलाल ड्रायव्हर टायर दुरुस्तीला आलापल्लीला गेला होता. तो आला की निघायचं. ऑपरेटर नानाजींनी चहा मागवला.

"म्याडम, तुमी चालल्या तं आमाले करमनार नाई," नानाजी म्हणाले. रिटायरमेंटला आलेले, गोल चेहऱ्याचे, डोळ्यांत पटकन पाणी येणारे गृहस्थ.

"दर महिन्याले चक्कर होईन ना माझी," नाहीद म्हणाली. इतके दिवस तिथे राहून तिचीही भाषा त्यांच्यासारखी सैल झाली होती.

तेवढ्यात मुखरू आला. जॅकवेलच्या लाइनवर तारा धरणारे चिनी मातीचे इन्सुलेटर फुटले होते, ते बदलायचे होते. नानाजींनी लाइन बंद केली, परमिट दिलं. मुखरू सायकलवर टांग टाकून निघून गेला. मग नानाजींनी काही कामं हातावेगळी केली आणि नाहीदकडे पाहून हसत 'काम सुरू'चा खटका फिरवला. खऱ्या कामासाठी तो पहिल्यांदाच फिरत होता. पॅनेलवर पिवळा दिवा लागला.

नाहीदचं लक्ष हौसेने गेटवेकडे गेलं. त्याच्यावर दोन बारीक दिवे होते. खबर निघाली की एक लुकलुके, पलीकडून पोच आली की दुसरा. पहिला लुकलुकत होता. दुसरा मात्र विझलेला होता.

तिला वाटलं, येईल. रेडिओ क्षणभर झोपला असेल. पण दिवा लागेना. तिने लॅपटॉप उघडून वायर जोडली. पडद्यावर एकाखाली एक ओळ उमटत होती आणि प्रत्येक ओळ तेच सांगत होती, उत्तर नाही. चहा आला तेव्हा दुसरा दिवा लागलेला तिने पाहिला होता. म्हणजे त्यानंतर कधीतरी संबंध तुटला होता, आणि खटका त्याच्याही नंतर फिरला होता.

तिचा चहा तसाच राहिला. फिल्टरवरच्या पीएलसीच्या कप्प्यात अजून सकाळचं शून्य होतं. म्हणजे काम सुरू नाही, लाइनवर कोणी नाही. ती खबर शिळी झाली आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण शिळं तेच धरून बस, असं नाहीदनेच त्याला शिकवलं होतं. टाकीतलं पाणी खुणेच्या खाली गेलं की तो जनरेटर सुरू करणार आणि मुखरू ज्या तारांवर बसलाय त्या तारांत वीज सोडणार.

"नानाजी," ती म्हणाली, "मुखरूभाऊनं लाइन जमिनीले जोडली असन ना? थो रॉड लावून?"

नानाजींनी दाराकडे पाहिलं. डिस्चार्ज रॉड, तारेत अडकवून लाइन जमिनीला जोडायची ती लांब काठी, दारामागे भिंतीला टेकून उभी होती.

"अरे बावा! हे तं इथीच राहून गेलं," ते म्हणाले, आणि मग नाहीदचा चेहरा पाहून त्यांना समजलं की हे साधं विसरणं नाही. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. नानाजी गडबडून उठले आणि त्यांचा हात सरळ लाइनच्या स्विचकडे गेला. "मंग लाइन देऊन टाकू का? वीज आली तं जनरेटर लागनारच नाई!"

"नानाजी, नाई!" नाहीद किंचाळली. "मुखरूभाऊ त्याच लाइनवर आहे!"

चटका बसावा तसा त्यांनी हात मागे ओढला आणि खुर्चीत बसून घेतलं. "हे काय करून राह्यलो होतो मी," एवढंच ते पुटपुटले.

फिल्टरवर फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलेना. तिथला ऑपरेटर भैयाजी बहुतेक बाहेर वाळूचे थर धूत असेल. मोबाइलला त्या जंगलात रेंज नव्हती. बिलालची गाडी आलापल्लीला.

"तुमी फोन लावतच राहा. थांबू नका," नाहीद म्हणाली. "तुमची गाडी द्या."

नानाजींची एम-एटी बाहेर उभी होती. ती तिने आधी कधी चालवली नव्हती, पण वडिलांच्या दुकानातली लूना चालवली होती. दोन किका मारल्यावर गाडी लागली आणि ती निघाली.

रस्ता लाल मातीचा, सागाची वाळकी पानं पसरलेला. मोहाची फुलं वेचून बाया टोपल्या डोक्यावर घेऊन घराकडे निघाल्या होत्या. ओढणी उडवत सुसाट जाणाऱ्या या पोरीकडे त्या वळून पाहत राहिल्या. नाहीदच्या मनात एकच हिशेब चालला होता, टाकीचा. मार्चचं ऊन, सकाळची वेळ, सगळ्या गावांतले नळ उघडे. पाणी खुणेपर्यंत उतरलं असेल का? अजून थोडं असेल का? गावागावांत हंडे भरणाऱ्या बायांना तिने मनातल्या मनात विनवलं, जरा थांबा, आज जरा कमी भरा.

फिल्टरची टाकी झाडांवरून दिसू लागली आणि त्याच वेळी तिला आवाज आला. घर्र करून जनरेटर लागला होता.

जनरेटर लागल्याबरोबर लगेच वीज सुटत नाही, हे तिला माहीत होतं. इंजिनचा वेग स्थिर व्हावा म्हणून पीएलसी थोडा दम धरतो, मग स्विच जोडतो. ते थांबणंही तिनेच ठेवलेलं होतं. फाटकातून आत शिरताना तिने एम-एटी सोडूनच दिली. गाडी एका बाजूला पडली, चाक फिरत राहिलं. ती शेडकडे धावली आणि जनरेटरच्या पॅनेलवरचं मोठं लाल बटण तिने दोन्ही तळव्यांनी दाबलं. इंजिन थरथरलं, खोकलं आणि बंद पडलं.

एकदम इतकं शांत झालं की झाडावरून मोहाचं फूल पडल्याचाही आवाज यावा. पण स्विच जोडल्याचा तो 'ठक' आवाज आधी झाला होता का? इंजिनच्या घरघरीत तो तिला ऐकू आला नव्हता, की झालाच नव्हता? तिने आठवून पाहिलं. काहीच आठवेना. कानात नुसतं घूं घूं वाजत होतं.

भैयाजी कोपरापर्यंत ओले हात घेऊन मागून धावत आला. "काय झालं म्याडम? काऊन बंद केलं?"

"जनरेटरचा स्विच खाली करा, कुलूप लावा अन् इथीच उभे राहा. कोनी काईबी सांगितलं तरी हालू नका!"

पडलेली गाडी तिने उचलली. ती पुन्हा सुरू होईना, तेव्हा तिथेच टाकून ती पायवाटेने जॅकवेलकडे पळत सुटली. वर तारा, खाली ती. एक खांब मोकळा. दुसरा मोकळा. वळणापुढच्या खांबाला मुखरूची सायकल टेकलेली दिसली, बुडाशी त्याच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. तिने वर पाहिलं. मुखरू पट्ट्याने खांबाला बांधलेला होता, मान खाली घातलेली.

"मुखरूभाऊ!"

उत्तर नाही.

"मुखरूभाऊ!"

वर एक हात उठला. थांबा, अशी खूण करून तो हात तोंडाशी गेला आणि दातात धरलेली पिन काढून मुखरू म्हणाला, "काय झालं वं म्याडम? तुमी इथी कशा? चंद्रपूरले गेल्या नाई?"

नाहीद खाली बसली ती मोहाच्या सड्यातच बसली, आणि तिला हसू आलं की रडू तिचं तिला कळेना. "खाली या," ती म्हणाली.

"हे एक पिन बसवतो अन् येतोच."

"आधी खाली या!" ती अशी ओरडली की तसं मुखरूवर आजवर फक्त त्याच्या बायकोनेच ओरडलं असेल. तो निमूटपणे उतरला.

त्याने पाय जमिनीवर ठेवल्यावर तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. मुखरू उकिडवा बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले, जणू ते आपलेच आहेत ना याची खात्री करत होता.

"जनरेटरचा आवाज आला मले," तो म्हणाला. "म्या म्हटलं, भैयाजी टेस्टिंग करून राह्यला असन."

"तुमी रॉड इसरले होते."

"इसरलो नाई म्याडम. वाटेत आठवला. पर म्या म्हटलं, आता मशीनले तं समजते, कायले मांगं जा."

नाहीदला वाटलं, हा आता आपल्याला बोलेल. बोलला असता तर तिने ऐकून घेतलं असतं. पण मुखरूने सायकलला टांगलेली पाण्याची कॅन काढली, तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "पिऊन घ्या. तुमचंच तोंड माह्यापेक्षा पांढरं झालं आहे." मग दोघंही असे हसत सुटले की जवळच्या झाडावरची वांदरं दूर पळाली.

दोघं चालत फिल्टरवर आले तेव्हा पॅनेलच्या खोलीत फोन वाजतच होता. नानाजींनी एका मिनिटासाठीही तो बंद केला नव्हता. भैयाजी जनरेटरपाशी खांबासारखा उभा. "तुमी म्हटलं होतं हालू नका, म्हून फोन नाई उचलला," तो म्हणाला.

नाहीदने फोन घेतला. "नानाजी, मुखरूभाऊ माह्या समोर बसून बिडी पेटवून राह्यला."

पलीकडून नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला आणि नानाजी म्हणाले, "त्याले म्हना, बिडी नको पिऊ, तब्येत खराब होते." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. बिडीसाठी मुखरूला ते कधीच काही म्हणाले नव्हते.

मग तिने पॅनेल उघडून पाहिलं. स्विच किती वेळा जोडला गेला, त्याची मोजणी पीएलसी ठेवायचा. आकडा कालचाच होता. म्हणजे त्या दिवशी स्विच जोडला गेलाच नव्हता; तारांत वीज एकदाही गेली नव्हती. नाहीदने पॅनेलच्या थंडगार पत्र्याला कपाळ टेकवलं आणि दीर्घ श्वास सोडला.

संबंध कशाने तुटला, ते बाहेर येताच दिसलं. अँटेनाच्या खांबाला लागून मोहाचं झाड होतं. फुलं खायला आलेल्या वांदरांनी त्या खांबाचा झोका केला होता. केबल उपटून लोंबत होती आणि अँटेना नदीपलीकडे, आंध्राकडे तोंड करून बसली होती.

"आपली खबर तिकडंच गेली असन," भैयाजी गंभीरपणे म्हणाला.

मग तिने गुणवंतरावांना फोन लावला. साहेब रागीट म्हणून प्रसिद्ध. तिने घडलं तसं सांगितलं, सेटिंग आपणच बदललं होतं हेही सांगितलं.

"तो मानूस ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर. एकदम ठीक."

"अन् तू?"

या प्रश्नाची तिने तयारीच केलेली नव्हती. "मी पण ठीक आहे," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.

"मंग झालं. आता घाई करू नको. नीट करूनच ये. बिलालले मी थांबाले सांगतो. आपन लावलेल्या दुसऱ्या जागांवर पन हेच बघा लागन, उद्यापासून मानसं पाठवतो."

संध्याकाळी मुखरूने तिला आणि बिलालला जेवायला नेलं. नाहीद जायला तयार नव्हती. त्याच्या बायकोला, रंभाला, काय तोंड दाखवायचं असं तिला झालं होतं. मुखरूने घरात शिरतानाच सगळं सांगून टाकलं, तेही गंमत सांगावी तसं. रंभा चुलीपाशी होती. ती उठली, नवऱ्याजवळ आली आणि त्याच्या दंडाला एकदा हात लावून परत चुलीकडे गेली. भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण वाढताना नाहीदच्या पानात तिने भाताचा ढीगच केला.

"रंभाबाई, माझ्यामुळं..." नाहीद बोलू लागली.

"तुमी त्याले खाली बोलावलं ना? थे मले पुरे आहे," रंभा म्हणाली. "जेवा आता. किती बारीक झाल्या." त्या दिवशी सकाळपासून नाहीदच्या पोटात त्या चहाच्या दोन घोटांशिवाय काही नव्हतं. ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाहीद, बिलाल, मुखरू आणि भैयाजी फिल्टरवर जमले. मोहाची ती फांदी भैयाजीने तोडून टाकली होती, अँटेना सरळ केली होती, केबल लोखंडी पाइपातून नेली होती. पण खरं काम मेमरीत होतं. नाहीदने एक नवा कप्पा घेतला. सबस्टेशनकडून त्यात सतत बदलता आकडा येत राहणार. आकडा हलता आहे तोवर खबर ताजी. तो थांबला की पीएलसीने समजायचं, आपल्याकडचं सगळं शिळं आहे. मग जनरेटर सुरू करायचा नाही, घंटी वाजवायची आणि माणसाची वाट पाहायची.

मुखरूला तिने साध्या शब्दांत सांगितलं, "नानाजी तिकडून सारखं 'मी आहो, मी आहो' म्हनत राहीन. आवाज बंद झाला की मशीन हात बांधून बसन."

मुखरूने विचार केला. "अन् आवाज येऊन राह्यला, पर खबरच चुकीची असन तं?"

"म्हून कुलूपबी राहीन," नाहीद म्हणाली. "चाबी तुमच्या खिशात. अन् रॉड लावल्याबिगर चढायचं नाई."

"त्याची आता काळजी नको. रंभानं सायकललेच बांधून देल्ला आहे."

मग चाचणी. टाकी रिकामी झाल्याचा खोटा इशारा तिने पीएलसीला दिला, आणि तिकडे नानाजींनी लाइन बंद केली. केबल कोणी उपटायची, यावर मुखरू पुढे झाला. "वांदराचं काम मीच करतो," म्हणत त्याने ती ओढली.

घंटी ठणठणली. सगळे शेडकडे पाहत उभे राहिले. जनरेटर आत्ता लागेल, मग लागेल. भैयाजीने तर डोळेच मिटून घेतले होते. जनरेटर लागला नाही. घंटी वाजत राहिली आणि इंजिन गप्प ते गप्पच. चार माणसांनी एका बंद इंजिनकडे इतक्या आनंदाने पाहिल्याचं कोणी कधी ऐकलं नसेल. नाहीदने तेच दोनदा, तीनदा करून पाहिलं. मग केबल जोडून, नानाजींकडून 'काम सुरू'चा खटका फिरवून पाहिलं. तेव्हाही गप्प. शेवटी खटका काढायला सांगितला, तसा जनरेटर घर्र करून लागला. सगळे दचकले आणि मग एकमेकांच्या दचकण्यावर हसले.

दुपारपर्यंत मुखरूने रीतसर परमिट घेऊन, कुलूप लावून, रॉड अडकवून राहिलेले इन्सुलेटर बदलले. नाहीद खाली सावलीत बसून होती. तिचं तिथे काही काम नव्हतं, पण ती उठली नाही. तो वरून मधूनमधून काहीतरी विचारी, चंद्रपूरला ऊन किती, अब्बांचं दुकान कुठी, आणि ती खालून उत्तर देई. काम संपल्यावर त्याने रॉड काढला, फिल्टरवर येऊन कुलूप उघडलं आणि नानाजींना फोनवर सांगितलं, "मानूस खाली, लाइन मोकळी. सोडा." थोड्या वेळाने जॅकवेलकडून येणाऱ्या पाइपात खळखळ झाली आणि टाकीत पाणी पडू लागलं.

निघताना नानाजी सबस्टेशनच्या फाटकापर्यंत आले. एम-एटीचा आरसा फुटला होता, तो भरून द्यायचं नाहीद बोलली तर ते चक्क रागावले.

आलापल्लीचं जंगल लागलं आणि नाहीदला जी झोप लागली ती थेट आष्टीला, वैनगंगेच्या पुलाअलीकडे, बिलालने गाडी उभी केली तेव्हा मोडली. टपरीवर चहा उकळत होता. तिने नळाखाली तोंड धुतलं, आणि मोबाइलला रेंज आलेली पाहून घरी फोन लावला. मागे दुकानातल्या मोटारीचा आवाज येत होता.

"काम हो गया बेटा?" मुश्ताकभाईंनी विचारलं.

"हो गया, अब्बा. सब ठीक है," नाहीद म्हणाली. "घर आके बताती."

बिलालने तिच्यासाठी कप पुढे केला. चहा गोड होता, जरा जास्तच गोड. तो संपवून तिने आणखी एक मागितला.